ग्रीक देवांना वेदीही होती : इतिहासाच्या शिक्षकांना आणि बालसाहित्याच्या प्रकाशकांना खुले पत्र

इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनो, आणि ग्रीक-रोमन देवांच्या गोष्टी मराठी मुलांसाठी लिहिणाऱ्या, त्यांची चित्रं काढणाऱ्या, त्या छापणाऱ्या सर्वांनो,

सप्रेम नमस्कार.

झ्यूसची वीज, पोसायडनचा त्रिशूळ, मेडुसाच्या डोक्यावरचे साप हे सगळं आज मराठी मुलांच्या चांगलं ओळखीचं झालं आहे. काही तुमच्या पुस्तकांमुळे, काही मोबाइलवरच्या खेळांमुळे. मला त्याचा आनंदच आहे. पण याच मुलांना एकदा विचारून पाहा : झ्यूसला लोक भजायचे, म्हणजे नेमकं काय करायचे? कुठे जमायचे, काय वाहायचे, काय मागायचे, आणि मागितलेलं मिळालं तर काय द्यायचे? मुलं गप्प होतात. पदवीला इतिहास घेतलेले विद्यार्थीही बहुधा गप्प होतात. भूमध्य समुद्राभोवती हजार वर्षांहून जास्त काळ लाखो माणसं ज्या देवांच्या भरवशावर पेरण्या करत होती, बाळंतपणं निभावत होती, गलबतं पाण्यात लोटत होती, ते देव आपण मुलांना एका भांडकुदळ कुटुंबाच्या कहाण्या म्हणून दिले आणि तिथेच थांबलो.

माझं मागणं असं आहे : या देवांच्या गोष्टी जरूर सांगा, पण त्यांच्यासोबत जमिनीतून निघालेला त्यांचा धर्मही सांगा.

ग्रीकांकडे सर्वांना बांधणारा एक धर्मग्रंथ नव्हता. गोष्टी गावागणिक आणि कवीगणिक बदलत. एका कवीने सांगितलेला देवाचा जन्म दुसऱ्याला मान्य नसे आणि त्यावरून कुणी कुणाला पाखंडी ठरवत नसे. पक्कं काय होतं, तर कोणत्या दिवशी, कोणत्या वेदीवर, कोणत्या देवाला, कोणतं जनावर. अथेन्सच्या परिसरात एर्खिया नावाचं एक गाव होतं. तिथल्या लोकांनी इ.स.पू. चौथ्या शतकात आपलं वर्षभराचं देवकार्य दगडावर कोरून ठेवलं. तो शिलालेख आज वाचता येतो. महिना, तिथी, देवाचं नाव, जागा, मेंढी की बोकड की डुकराचं पिल्लू, आणि त्या जनावराची किंमत किती द्राख्मा. काही नोंदींपुढे ताकीद आहे की मांस तिथेच खाऊन संपवायचं, घरी न्यायचं नाही. कुलदैवताच्या जत्रेत बोकड पडलेला आणि मग पंगत बसलेली ज्या मुलाने पाहिली आहे, त्याला हा शिलालेख समजावून सांगावा लागणार नाही. त्याच्यापर्यंत तो पोचवावा मात्र लागेल.

आपल्या पुस्तकांतल्या चित्रांत लोक देवळाच्या आत मूर्तीपुढे गुडघे टेकून बसलेले दिसतात. हे चित्र ख्रिस्ती चर्चवरून आलेलं आहे. ग्रीक देऊळ हे मूर्तीचं आणि देवाला वाहिलेल्या ठेवींचं घर होतं. मुख्य विधी बाहेर उघड्यावर, देवळाच्या बहुधा पूर्वेला असलेल्या वेदीपाशी होई. लोक उभे राहून, हात वर करून, तळवे आकाशाकडे धरून मागणं मागत. वेदी नसेल तर देवळाचं काम अडे, पण देऊळ नसलं तरी वेदीचं काम अडत नसे.

ऑलिम्पियाचंच घ्या. ऑलिम्पिक म्हटलं की आपल्याला धावणारे खेळाडू आठवतात. पण ते खेळ झ्यूसच्या उत्सवाचा भाग होते आणि उत्सवाच्या केंद्रस्थानी त्याची वेदी होती. ती दगडाची नव्हती. ती राखेची होती. इ.स.च्या दुसऱ्या शतकात पौसानियस हा प्रवासी तिथे गेला, तेव्हा तिची उंची २२ फूट होती असं त्याने लिहून ठेवलं आहे. ती बळी दिलेल्या जनावरांच्या मांड्यांच्या राखेतून उभी राहिली होती, आणि वर्षातून एकदा राख अल्फिओस नदीच्या पाण्यात कालवून त्या ढिगाला लिंपली जाई. पाणी अल्फिओसचंच हवं, दुसरं चालत नसे. पिढ्यान्‌पिढ्या असं लिंपण चढत गेलं. जर्मन पुरातत्त्वज्ञांनी १८७५ मध्ये ऑलिम्पियाचं मोठं उत्खनन सुरू केलं, तेव्हा ती वेदी उभी नव्हती, पण राखेचे काळे थर सापडले आणि त्या थरांत कांस्याच्या आणि भाजक्या मातीच्या हजारो लहान आकृत्या सापडल्या. बैल, घोडे, माणसं. कुणा शेतकऱ्याने, कुणा गुराख्याने देवाला वाहिलेल्या. वेदीची उंची आपल्याला पुस्तकातून कळली, पण तिच्यापुढे उभा राहिलेला साधा माणूस राखेतून हाती आला.

इथे गोष्ट आणि माती एकमेकींना भेटतात, आणि ही भेट मुलांना दाखवण्यासारखी आहे. प्रॉमिथियसने झ्यूसला फसवल्याची गोष्ट तुम्ही सगळे सांगता : बैल कापल्यावर त्याने हाडं चरबीत गुंडाळून एका बाजूला ठेवली, चांगलं मांस दुसऱ्या बाजूला झाकून ठेवलं, आणि झ्यूसच्या वाट्याला हाडं आली. मुलं हसतात आणि पुढच्या पानावर जातात. आता दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीस भागातल्या लिकायन पर्वताचा माथा पाहा. तिथेही झ्यूसची राखेची वेदी होती. २००४ पासून ग्रीक आणि अमेरिकन अभ्यासक तिथे काम करत आहेत. राखेत जी जळकी हाडं मिळाली त्यांत मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांच्या मांड्यांची हाडं, गुडघ्याच्या वाट्या आणि शेपटीचे मणके आहेत. बरगड्या, खांदे, पाठीच्या मांसल भागाची हाडं जवळजवळ नाहीतच, कारण ते मांस माणसांच्या ताटात गेलं. देवाचा वाटा हाडांचा आणि धुराचा होता. विस्तवावर टाकलेली शेपटी आकसून वर वळते आणि तो शुभशकुन मानत. वेदीवर वळलेली शेपटी ग्रीक मडक्यांवरच्या चित्रांत दिसते. अभ्यासकांनी शेपट्या जाळूनही पाहिल्या, आणि त्या तशाच वळल्या. प्रॉमिथियसची गोष्ट सांगून झाल्यावर ही चार वाक्यं जोडली, तर मुलाला कळेल की आपल्या रोजच्या रीतीचं कारण शोधणारी माणसं ही गोष्ट सांगत होती.

याच लिकायनवर २०१६ मध्ये राखेच्या वेदीत एका किशोरवयीन मुलाचा सांगाडा सापडला, इ.स.पू. अकराव्या शतकाच्या सुमाराचा. या डोंगराशी नरबळीची आख्यायिका प्राचीन काळापासून जोडलेली आहे. लिकाऑन राजाने झ्यूसला माणसाचं मांस वाढलं आणि तो लांडगा झाला, ती हीच. त्यामुळे जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळे दिले. उत्खनन करणाऱ्यांनी मात्र हा बळी होता असं ठामपणे म्हटलं नाही. वेदीत पुरलेलं माणूस विलक्षण आहे एवढं त्यांनी सांगितलं आणि काम चालू ठेवलं. इतिहासाच्या तासाला पुरावा म्हणजे काय हे शिकवायचं असेल, तर याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

आता आजारी माणसांकडे वळते, कारण या सगळ्या धर्मात मला सर्वांत जवळचे वाटतात ते तेच.

ग्रीसच्या सहलींमध्ये एपिडॉरसचं नाट्यगृह असतं. खालून टाळी वाजवली की वरच्या पायरीवर ऐकू येते, हे दाखवून झालं की गाडी पुढे निघते. ते नाट्यगृह ज्याच्यासाठी होतं त्या अ‍ॅस्क्लेपियस या आजार बरे करणाऱ्या देवाचं ठाणं तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दूरदूरचे रोगी तिथे येत, अंघोळ करून, देवाला काही वाहून, एका लांब ओवरीत रात्री झोपत आणि स्वप्नात देव येण्याची वाट पाहत. ग्रीक पुरातत्त्वज्ञ पानायोतिस काव्वादियास यांनी १८८१ पासून तिथे खणायला घेतलं, तेव्हा बरं झालेल्यांच्या हकिकती कोरलेल्या शिळा सापडल्या. पौसानियसने पाहिल्या होत्या त्याच. सुमारे सत्तर हकिकती त्यांतून वाचता येतात. अथेन्सची अँब्रोसिया एका डोळ्याने आंधळी होती. देवळात फिरताना ती लंगडे चालू लागले, आंधळे पाहू लागले हे वाचून हसली. रात्री देव स्वप्नात आला आणि म्हणाला, बरी करतो, पण तुझ्या अडाणीपणाची आठवण म्हणून चांदीचं डुक्कर वाहायचं. सकाळी तिला दिसू लागलं. दुसऱ्या एका हकिकतीत ओझं वाहणारा पोरगा वाटेत पडतो आणि मालकाचा आवडता पेला फुटतो. तो तुकडे जोडत बसतो, कुणी तरी म्हणतं की हे देवालाही जमायचं नाही, आणि देवळात पोचून पिशवी उघडतो तर पेला अखंड. हे लेख देवस्थानाने कोरवून घेतलेले आहेत आणि त्यांत देवस्थानाची जाहिरात आहे, हेही मुलांना सांगा. त्यांना ते पटकन कळतं. पण फुटलेल्या पेल्यापाशी बसलेल्या त्या पोराची भीती जाहिरातीतून आलेली नाही.

कॉरिंथमधल्या अ‍ॅस्क्लेपियसच्या ठाण्यात १९२९ नंतरच्या उत्खननात भाजक्या मातीचे अवयव निघाले, शंभराहून जास्त. हात, पाय, कान, डोळे, स्तन, पुरुषाचं इंद्रिय, काही अगदी खऱ्या मापाचे. जो अवयव दुखत होता तो देवाला वाहिला. इटलीत तोस्कानामधल्या सान काशानो देई बान्यी या गावी गरम पाण्याच्या झऱ्यावरचं एक ठाणं २०२२ मध्ये गाजलं. चिखलाने आणि पाण्याने सांभाळलेल्या वीसहून अधिक कांस्यमूर्ती तिथे मिळाल्या, सोबत हजारो नाणी आणि कांस्यात घडवलेले अवयव. लेख एत्रुस्कन, म्हणजे रोमनांआधीपासून त्या भागात राहणाऱ्या लोकांच्या, भाषेतही आहेत आणि लॅटिनमध्येही. बाहेर एत्रुस्कन आणि रोमन एकमेकांशी लढत असतानाच्या काळात त्या झऱ्यापाशी दोघांचे आजारी एकाच पाण्यात उतरत होते. इ.स.च्या पाचव्या शतकात, ख्रिस्ती काळात, ते ठाणं बंद झालं तेव्हा कुंडावर दगडी खांब आडवे टाकून ते झाकलं गेलं. आत वाहिलेल्या वस्तू तशाच राहिल्या.

मुंबईच्या मुलाला हे दूरचं वाटायचं कारण नाही. वांद्र्याच्या मोत माउलीला लोक आजही मेणाचे हात-पाय वाहतात आणि वाहणारे सगळे ख्रिस्ती नसतात. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात. नवस बोलणं, तो फेडायचा राहिला तर धास्तावणं, हे आपल्या घराघरांत आहे. परदेशी विद्यापीठांत या प्रकारच्या वस्तूंवर जाडजूड ग्रंथ लिहावे लागतात, कारण तिथल्या बऱ्याच वाचकांनी नवस फेडणारं माणूस पाहिलेलं नसतं. आपले विद्यार्थी तिथून पुढे सुरुवात करू शकतात. एवढी मोठी सोय हाताशी असताना आपण त्यांना इंग्रजी पुस्तकांच्याच चालीने हर्क्युलिसची बारा कामं पाठ करायला लावतो, याचं मला वाईट वाटतं.

डोडोनाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मराठीत त्याचा उल्लेख फार क्वचित दिसतो. ग्रीसच्या वायव्येला, योआनिना शहराजवळ, झ्यूसचं हे ठाणं. तिथे एक पवित्र ओक वृक्ष होता आणि देव त्याच्या पानांच्या सळसळीतून बोलतो अशी श्रद्धा होती. डेल्फीचं नाव सर्वांना माहीत असतं, कारण तिथे राजे जात आणि लढाईबद्दल विचारत. डोडोनाला सामान्य माणूस जाई. आपला प्रश्न शिशाच्या पातळ पट्टीवर खिळ्याने ओरखडून लिहायचा, पट्टीची घडी किंवा गुंडाळी करायची. अशा हजारो पट्ट्या जमिनीतून निघाल्या आहेत. २०१३ मध्ये चार हजारांहून अधिक मजकूर एकत्र प्रसिद्ध झाले आणि २०२३ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिलं.

काय लिहिलं आहे त्यांत? लिसानियास विचारतो, अ‍ॅनिलाच्या पोटातलं मूल माझंच आहे ना? आगिस विचारतो, माझी पांघरुणं आणि उशा हरवल्या, बाहेरच्या कुणी चोरल्या का? कुणाला मेंढ्या पाळल्या तर फायदा होईल का हे हवं आहे. कुणाला लग्न करावं का, कुणाला मूल होण्यासाठी कोणत्या देवाला काय वाहावं. एक गुलाम विचारतो की मालकाने कबूल केलेली सुटका मिळेल का. उत्तरं फारशी नोंदलेली नाहीत. प्रश्न तेवढे उरले आहेत, ओरखड्यांचे, अशुद्ध लिहिलेले, ज्याच्या त्याच्या गावच्या बोलीत.

कोकणात आणि गोव्यात ग्रामदेवतेपुढे गुरव गाऱ्हाणं घालतो, पाषाणाला पाकळ्या किंवा कळे लावतो, आणि कौल उजवा पडला की डावा यावर लोक घर बांधायचं की नाही ते ठरवतात. सिंधुदुर्गातल्या एखाद्या शाळेत डोडोनाची ती उशांची पट्टी फळ्यावर लिहून बघा. वर्ग स्वतःहून बोलू लागेल. आणि मग फरकही सांगा, कारण फरक सांगितल्याशिवाय अभ्यास होत नाही. कौल गावासमोर लावला जातो, सगळे ऐकत असतात. डोडोनाचा प्रश्न घडी घातलेला असे. तिथे माणूस आपलं लाजिरवाणं गुपित देवापुरतं ठेवू शकत होता, म्हणूनच लिसानियासने तो प्रश्न लिहिला असावा असं मला वाटतं.

बायकांबद्दल एक परिच्छेद हवाच. गोष्टींमध्ये त्या पळवल्या जातात, झाड होतात, गाय होतात. जमिनीतल्या पुराव्यात त्या स्वतः काही करताना दिसतात. अथेन्सजवळच्या ब्राउरॉनला आर्टेमिसच्या ठाण्यात लहान मुली देवीच्या 'अस्वली' म्हणून सेवा करत. तिथे सापडलेल्या छोट्या मडक्यांवर धावणाऱ्या मुली रंगवलेल्या आहेत. या देवीला बायका आपली वस्त्रं वाहत. कुणी काय वाहिलं याच्या याद्या दगडावर कोरून अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिसवर लावलेल्या होत्या : अमुकीचा झगा, तमुकीचा कमरपट्टा, किनार अशी, रंग असा. कापड केव्हाच कुजलं. यादी राहिली आणि त्या बायकांची नावंही राहिली.

मिथ्रासबद्दल तर गोष्ट सांगायची म्हटली तरी सांगता येणार नाही. रोमन साम्राज्यात सैनिक, व्यापारी, मुक्त झालेले गुलाम ज्या देवाच्या गुप्त मंडळांत जमत, त्याची कथा त्याच्या भक्तांनी लिहिलेली आपल्यापर्यंत आलेलीच नाही. रोमच्या ओस्तिया बंदरात त्याची डझनाहून अधिक ठाणी उघडी झाली आहेत. लांबट, अंधाऱ्या खोल्या, दोन्ही बाजूंना पहुडून जेवण्याचे ओटे, आणि समोर बैलाला मारणारा मिथ्रास. एका ठाण्याच्या जमिनीवर दीक्षेच्या सात पायऱ्यांची चिन्हं मोझेकमध्ये आहेत. साम्राज्याच्या उत्तर टोकाला, आजच्या बेल्जियममध्ये तीनन येथे, अशाच एका ठाण्याच्या मेजवानीचा कचरा खड्ड्यात मिळाला, त्यात अडीचशेहून जास्त कोंबड्यांचे अवशेष होते. एवढा मोठा पंथ, आणि तो ओळखायचा तो ओट्यांवरून आणि कोंबड्यांच्या हाडांवरून. केवळ कथांवर उभं केलेलं पुस्तक अशा देवाला जागाच देऊ शकत नाही.

वरच्या वर्गांच्या शिक्षकांशी कार्थेजबद्दल बोलायचं आहे. विषय अवघड आहे आणि तो टाळला जातो. आजच्या ट्यूनिशियातल्या या शहरात १९२१ मध्ये एक आवार सापडलं, ज्याला अभ्यासक 'तोफेत' (Tophet) या नावाने ओळखतात. त्यात हजारो मडकी, मडक्यांत जळालेली हाडं, काहींत तान्ह्या बाळांची, काहींत कोकरांची. वर दगडी शिळा. ग्रीक आणि रोमन लेखक कार्थेजचे लोक देवाला मुलं जाळून वाहतात असं लिहीत आले होते, पण ते कार्थेजचे शत्रू होते. २०१० मध्ये पिट्सबर्गच्या अभ्यासकांनी हाडं आणि दात तपासून म्हटलं की यांत कित्येक बाळं जन्मण्यापूर्वी किंवा जन्मताच गेलेली दिसतात, म्हणजे ही बालकांची दफनभूमी असावी. दुसऱ्या गटाने उत्तर दिलं की जळताना हाडं आकसतात, तुमची वयं चुकली आहेत, आणि हे बळीच आहेत. शिळांवरचा मजकूर मात्र वादात नाही. त्यावर तानित ही देवी आणि 'बाल हम्मोन' हा देव यांची नावं आहेत, वाहणाऱ्याचं आणि त्याच्या बापाचं नाव आहे, आणि शेवट बहुतेक वेळा असा : कारण देवाने त्याची हाक ऐकली. म्हणजे हा नवस फेडल्याचा लेख आहे. नवसाची भाषा असल्यामुळे मला स्वतःला बळीची बाजू जड वाटते. एरवी मेलेल्या बाळाच्या थडग्यावर हाक ऐकली म्हणून कुणी आभार कोरणार नाही. पण हे वर्गात निकाल म्हणून सांगू नका. शत्रूचा आरोप, हाडं आणि शिळा हे तिन्ही पुरावे मुलांपुढे ठेवा आणि त्यांना भांडू द्या. दहावीच्या मुलांना ही जड गोष्ट पेलते. त्यांच्या हातातल्या मोबाइलवर याहून भयंकर गोष्टी कोणत्याही पुराव्याविना रोज येत असतात.

त्या मोबाइलवरच्या आणखी एका गोष्टीबद्दल लिहिणं भाग आहे. ग्रीक-रोमन देव म्हणजे आपलेच देव, सगळं आपल्याकडून तिकडे गेलं, असे संदेश आपल्या गटांत फिरतात आणि काही शिक्षक ते वर्गात सांगतात. कृपा करून हे थांबवा. खरा संबंध होता आणि तो या बढाईपेक्षा कितीतरी सुंदर आहे. १९३८ मध्ये इटालियन पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांना पाँपेई या प्राचीन रोमन शहराच्या एका घरात हस्तिदंताची सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. इ.स. ७९ च्या ज्वालामुखीच्या राखेखाली ती गाडली गेली होती. आता ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. सुरुवातीला तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, आता बरेच अभ्यासक यक्षी म्हणतात. तिच्यावर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, म्हणजे वायव्य भारताचा धागा लागतो. पण तिच्यासारख्याच हस्तिदंती मूर्ती आपल्या मराठवाड्यात भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. डोक्यात भोक आहे, म्हणजे ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लाकडी सामानाचा भाग असावी. पाँपेईच्या त्या घरात तिची पूजा होत होती असं दाखवणारं काही नाही. व्यापाऱ्याने हौसेने घेतलेली सुंदर वस्तू, बस्स. उलट दिशेने, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत पोसायडनची कांस्यमूर्ती निघाली. म्हणून कोल्हापुरात पोसायडनचे भक्त होते असं कुणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

आणि जिथे खरोखर पूजेचा पुरावा आहे तिथे तो मान्य करायला मन मोठं लागतं. तांबड्या समुद्रावरच्या इजिप्तच्या बेरेनिके बंदरात भारतीय व्यापारी राहत होते. तिथल्या सेरापिस देवाच्या आवारात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी मिळाली. इसिस देवीच्या देवळाच्या प्रांगणात २०२२ मध्ये बुद्धाची ७१ सेंटिमीटरची संगमरवरी मूर्ती मिळाली. दगड बहुधा इस्तंबूलच्या दक्षिणेकडच्या खाणीतला, म्हणजे मूर्ती भारतातून नेलेली नाही, तिकडेच घडवलेली आहे. त्याच ठिकाणचा एक संस्कृत लेख रोमन सम्राट फिलिप द अरब याच्या काळातला, इ.स. तिसऱ्या शतकातला आहे. परक्या देवीच्या अंगणात आपला देव ठेवायला इजिप्तच्या लोकांनी जागा दिली आणि आपल्या लोकांनी ती घेतली. बुद्ध इसिसहून मोठा की इसिस बुद्धाहून, असा प्रश्न त्या अंगणात कुणाला पडल्याची खूण नाही.

चित्रकारांसाठी थोडंच, पण आग्रहाने. पांढऱ्याशुभ्र संगमरवरी देवांची चित्रं काढणं बंद करा. ते पुतळे रंगवलेले होते. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयातल्या 'कोरे' नावाच्या तरुणींच्या मूर्तींवर रंगाचे अवशेष उघड्या डोळ्यांनी दिसतात. तिथल्या पार्थेनॉन या देवळाच्या शिल्पांवरही निळ्याचे अंश मिळाले आहेत. ऑलिम्पियाचा झ्यूस तर सोन्याचा आणि हस्तिदंताचा होता, आणि शिल्पकार फिडियासने तो जिथे घडवला ती कार्यशाळाही मातीच्या साच्यांसकट सापडली आहे. केस लाल, वस्त्रांना नक्षीची किनार, डोळ्यांत बुबुळ असा देव काढा. आपल्या गावच्या देवळातला शेंदूर आणि चांदीचे डोळे पाहत वाढलेल्या मुलाला तो देव लगेच देव वाटेल.

आता मागण्या. प्रकाशकांनो, ग्रीक किंवा रोमन कथांच्या पुढच्या आवृत्तीत प्रत्येक देवामागे एक पान त्याच्या ठाण्याला द्या : एक नकाशा, एका उत्खनित जागेचं छायाचित्र, तिथे मिळालेली एक वाहिलेली वस्तू आणि ती वाहणाऱ्याचं नाव कोरलेलं असेल तर ते नाव. मोठ्या संग्रहालयांपैकी कित्येकांनी आपली छायाचित्रं मोकळी केली आहेत, त्यामुळे यासाठी फार खर्च येणार नाही. अनुवादकांनो, शिलालेखांचे आणि शिशाच्या पट्ट्यांचे मजकूर मराठीत आणा. ते छोटे आहेत, एकेका ओळीचे आहेत, आणि मराठीत फार छान उतरतील. डोडोनाच्या पन्नास प्रश्नांची मराठी पुस्तिका निघाली तर मी ती आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक शाळेत स्वतः नेऊन देईन. शिक्षकांनो, तुमच्यापाशी वेळ नसतो हे मला ठाऊक आहे, मी वर्गात उभी राहिलेली आहे. एक तास पुरेल. मुलांना आपल्या घरातला एखादा नवस, आजी-आजोबांना विचारून, लिहून आणायला सांगा आणि त्यासमोर एपिडॉरसचा किंवा कॉरिंथचा एक पुरावा ठेवा. मराठवाड्यातल्या शाळांनी सहल तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात न्यावी. तिथली हस्तिदंती मूर्ती पाहताना पाँपेईच्या मूर्तीचं छायाचित्र सोबत असू द्या.

यांपैकी कुणी काही केलंत, किंवा करताना कुठे अडलात, तर कळवा. माझ्याकडची टिपणं आणि नकाशे मी आनंदाने देईन.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका